दूध संपलं, तर कोरा चहा

मावशी, नमस्कार.

आम्ही अमेरिकेत, बफेलोजवळच्या एका उपनगरात राहतो. लेक अडीच महिन्यांची आहे. बाळंतपणासाठी सासू-सासरे कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेत. परवाच्या वादळात संध्याकाळी सातला घरातलं दूध संपलं. सासरे एसटीत कंट्रोलर होते. आता ६७ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. ते म्हणाले, ‘दुकान तर कोपऱ्यावर आहे, चालत जाऊन आणतो,’ आणि बूट घालायला बसले. मग नवरा म्हणाला, ‘अप्पा, तुम्ही थांबा,’ आणि स्वतः गाडी घेऊन गेला. दुकान दीड किलोमीटरवर. अर्ध्या वाटेत गाडी रुतली, पुढचं काही दिसेना. इंजिन आणि हीटर चालू ठेवून तो साडेपाच तास गाडीत बसून होता. शेवटी गल्लीतले एक शेजारी बर्फ ढकलायचं पातं लावलेली पिकअप घेऊन गेले आणि त्याला आणलं. त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. आईंनी खोबरेल तेल लावून खसाखसा चोळली. मधे दोन तास घरातले दिवे गेले होते. बाळाला गारठा लागेल म्हणून आईंनी गॅरेजमधली कोळशाची बार्बेक्यू घरात आणायला काढली. मी ओरडले, ‘माझ्या लेकराला मारायचंय का तुम्हाला?’ तेव्हापासून आई कामापुरतं बोलतात, अप्पा खोलीतून बाहेर येत नाहीत, आणि नवरा म्हणतो, एवढं ओरडायची गरज नव्हती. माझं चुकलं का? आणि पुढचं वादळ येईल तेव्हा मी काय करू?

– एक सून, बफेलोजवळून

पोरी,

ओरडलीस ते बरोबर केलंस. वाक्य चुकलं. आजीला ‘नातीला मारायचंय का’ म्हणायचं नसतं, हे तुलाही कळतंय, म्हणून तर पत्र लिहिलंस. पण त्या क्षणी हळू आवाजात समजावत बसली असतीस आणि तेवढ्यात निखारे पेटले असते, तर आज हे पत्र कुणी लिहिलं असतं कोण जाणे. तेव्हा आवाजाबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. शब्दांबद्दल माफी माग. ती कशी मागायची ते पुढे सांगते. आधी वादळाचं बोलू, कारण तुमच्या घरातलं भांडण मला सासू-सुनेचं वाटतच नाही. चौघांपैकी एकालाही बाहेर नेमकं काय चाललंय ते नीट ठाऊक नव्हतं, त्यातून झालेलं भांडण आहे हे.

मी साताऱ्याची. तुमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, रोचेस्टरला येऊन २९ वर्षं झाली. आल्या आल्या मलाही वाटायचं की बर्फाचं वादळ म्हणजे खूप बर्फ पडणं. आपल्याकडे पाऊस मोजायची सवय. महाबळेश्वरला किती इंच झाला, कोयनेत किती टीएमसी आलं. त्याच हिशेबानं मी इथं बर्फाचे इंच मोजायची. पुढे कळलं की माणसं मारतो तो वारा.

तुमच्याच गावाचा दाखला घे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला चार दिवसांत दोन मीटर बर्फ पडला. दोन मीटर म्हणजे अप्पांच्या डोक्यावरून! फुटबॉलची मॅच उचलून डेट्रॉइटला न्यावी लागली. तरी त्या वेळी जे मृत्यू झाले ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २३ डिसेंबरला, नाताळचं वादळ आलं. विमानतळावर मोजलेला बर्फ १३२ सेंटिमीटर, म्हणजे नोव्हेंबरपेक्षा बराच कमी. पण त्याच्या जोडीला ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचे झोत होते आणि सलग ३७ तास पुढचा हात दिसत नव्हता. बफेलो आणि आसपास मिळून ४७ माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी रस्त्यावर, कुणी बंद पडलेल्या हीटरच्या घरात. रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या गाड्या मदतीला निघाल्या आणि स्वतःच रुतून बसल्या.

त्याहून जुनं हवं असेल तर जानेवारी १९७७. आजही बफेलोतले म्हातारे ‘सत्याहत्तरचं’ म्हटलं की आवाज खाली आणतात. त्या वादळात नवीन बर्फ पडला तो फक्त फूटभर. मग २९ माणसं कशी गेली? ईरी सरोवर त्या वर्षी डिसेंबरातच गोठलं होतं आणि त्याच्या पाठीवर आठवडेच्या आठवडे भुसभुशीत बर्फ साठत गेला होता. २८ जानेवारीला वारा सुटला आणि सरोवरावरचा तो सगळा साठा उचलून त्यानं शहरावर आणून ओतला. आभाळातून फारसं काही पडत नव्हतं, आणि तरी घरं छपरापर्यंत पुरली गेली. नकाशात बघ, ईरी सरोवर नैऋत्येकडून ईशान्येकडे लांबच लांब पसरलंय आणि बफेलो त्याच्या अगदी टोकाला आहे. नैऋत्येचा वारा पावणेचारशे किलोमीटर पाण्यावरून धावत येतो, वाटेत अडवायला एक टेकडी नाही. दोन्ही बाजूंनी भिंती घातलेल्या बोळातून वारा यावा तसा तो येतो, आणि बोळाच्या तोंडाशी तुमचं घर.

म्हणूनच इथल्या हवामान खात्यानं ब्लिझार्डची जी व्याख्या केलीय तिच्यात किती बर्फ पडला याचा उल्लेखच नाही. ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वारा, उडणाऱ्या बर्फानं दिसणं ४०० मीटरच्या आत, आणि हे तीन तास किंवा जास्त चाललेलं. तेवढं झालं की ब्लिझार्ड. वरून एक कण पडला नाही तरी चालतो.

आणि दिसत नाही म्हणजे काय, ते अप्पांना सांगून कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं. इथल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला बाहेर पडले. दारापासून चाळीस पावलं. अंगावर घरातलीच शाल. डबा ठेवून मागे वळले तर घर नाही. दिवा नाही, झाड नाही, वर-खाली नाही, सगळीकडे दुधासारखं पांढरं. मी सरळ चालतेय असं समजून शेजारच्या टपालपेटीवर जाऊन आदळले. ती पेटी धरून उभी राहिले तेव्हा आमचं दार कुठल्या बाजूला असेल याचा मला खरंच पत्ता नव्हता. वारा एक क्षण पडला, ओसरीचा दिवा लुकलुकला, म्हणून आज तुला उत्तर लिहितेय. चाळीस पावलांवर हे झालं. अप्पा दीड किलोमीटर चालत निघाले होते.

थंडीचंही तेच. पारा उणे १० वर असेल तर इथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पोरं खेळत असतात. त्याच पाऱ्यावर ताशी ५० किलोमीटरचा वारा आला की उघड्या कातडीला ते उणे २२ सारखं लागतं. पारा उणे २० आणि वारा तेवढाच, तर उणे ३५. अशा हवेत उघडी बोटं, नाक, कानाच्या पाळ्या दहा मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत गोठायला लागतात. अंगाभोवती आपण स्वतःच्या उबेचा जो एक पातळ पदर धरून असतो तो वारा ओढून नेतो. त्या पदरावरच आपण जगतो.

आता तुझ्या नवऱ्याकडे येते. एक गोष्ट त्यानं फार शहाणपणाची केली, ती म्हणजे गाडी सोडून चालत निघाला नाही. रुतलेली गाडी सापडते, चालत निघालेला माणूस सापडत नाही. दुसरी गोष्ट मात्र वाचून माझ्या पोटात गोळा आला. साडेपाच तास इंजिन चालू! बर्फ उडत असतो तेव्हा मागचा सायलेन्सरचा पाइप बघता बघता बुजतो. बुजला की धूर बाहेर जायची वाट बंद, आणि तो खालून, मागून गाडीत शिरतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, खोकला येत नाही. माणसाला फक्त झोप येते. १९७८ च्या फेब्रुवारीत बॉस्टनजवळ हजारो गाड्या महामार्गावर अडकल्या होत्या. तिथेही काही जण थंडीनं गेले नाहीत, हीटर लावून बसलेल्या गाडीत या वायूनं गेले.

तेव्हा त्याला सांग, पुन्हा कधी अशी वेळ आलीच तर आधी खाली उतरून, गाडीला एक हात लावूनच, मागचा पाइप हातानं मोकळा करायचा. मग तासाला दहा मिनिटं इंजिन चालू, तेवढीच गाडी तापवायची आणि बंद. इंजिन चालू असताना वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली. पुढच्या वेळी चालू करण्याआधी पुन्हा पाइप बघायचा. आतला दिवा इंजिन चालू असतानाच लावायचा, म्हणजे बॅटरीही टिकते आणि शोधणाऱ्याला दिसतंही. अँटेनाला किंवा दाराला लाल-भगवं कापड बांधायचं. बसल्या बसल्या हातपाय हलवत राहायचं, झोपायचं नाही. आणि अडकल्याबरोबर, फोनमध्ये जीव आहे तोवर, ९११ ला आणि घरी आपण कुठे आहोत ते सांगून टाकायचं. मदत लगेच येईलच असं नाही, पण नोंद होते.

गाडीत नोव्हेंबर ते एप्रिल एक पेटी कायमची ठेवा. एक छोटं फावडं, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, पाणी, जाड मोजे, हातमोज्यांचा जास्तीचा जोड, चिवडा किंवा शेंगदाण्याचे लाडू, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी. आणि दोन सोलापुरी चादरी. इथल्या चकचकीत ब्लँकेटांपेक्षा मला त्यांचाच भरवसा वाटतो. हा माझा पक्षपात समज. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही.

बोटांचं सांगायचं राहिलं. पांढरी पडलेली, बधिर झालेली बोटं चोळायची नसतात. तेलानं नाही आणि इथले काही जुने लोक सांगतात तसं बर्फानं तर मुळीच नाही. गोठलेल्या कातडीत बारीक स्फटिक झालेले असतात, चोळलं की आतून कापल्यासारखं होतं. कोपर बुडवून बघितल्यावर कोमट लागेल एवढ्याच पाण्यात, साधारण ३७ ते ३९ अंशांत, ती धरायची. रंग आणि जाणीव परत येताना झणझणतं, ते चांगलं लक्षण. फोड आले किंवा अर्ध्या तासात रंग परतला नाही तर डॉक्टर. त्याच्या बोटांना अजूनही मुंग्या येत असतील तर उद्याच दाखवून घे, ‘बरं होईल’ म्हणून बसू नका. आणि घरात कुणी ब्रँडीचं नाव काढलंच तर ऐकू नकोस. दारूनं गरम वाटतं ते रक्त कातडीकडे धावतं म्हणून, आणि कातडीतून ऊब निघून जाते. अंगाला जोराचं कापरं भरलं, जीभ जडावली, माणूस असंबद्ध बोलायला लागला, हातातल्या वस्तू पडायला लागल्या, की समजायचं आतली ऊब उतरलीय. ओले कपडे काढून छाती, मान, काखा आधी गरम करायच्या, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय द्यायचं, आणि ९११.

आता शेगडी. इथे मला तुझ्या सासूबाईंच्या बाजूनं थोडं बोलायचंय.

बाळंतिणीला आणि बाळाला शेकशेगडी करणं ही काही त्यांची लहर नव्हे. त्यांच्या आईनं त्यांना केली असेल, त्यांनी आपल्या लेकीला केली असेल. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. माझ्या थोरलीच्या वेळी माझ्या आईनं केलं होतं, आमच्या साताऱ्याच्या घरात. त्या घराला कौलं होती. कौलांच्या फटींतून चांदणं दिसायचं, दाराखालून मांजर येऊ-जाऊ शकायचं. धूर आणि वायू दोन्ही आपोआप निघून जायचे. तुमचं घर थर्मासच्या बाटलीसारखं बंद आहे. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून एकेक फट बुजवलेली. त्यात कोळसा पेटवला तर त्याचा वायू जाणार कुठे? रक्तात प्राणवायू जिथे चिकटतो तिथेच हा चिकटतो, आणि दोनशेपटीहून जास्त घट्ट. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये गारठ्यात वीज गेली तेव्हा लोकांनी घरात कोळसा पेटवला, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवून बसले, आणि कुटुंबंच्या कुटुंबं दवाखान्यात गेली, काही परत आली नाहीत. कश्मीर, दिल्लीत खोली बंद करून शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतोच.

हे आईंना याच भाषेत सांग. ‘तुमची पद्धत चुकीची’ असं म्हणू नकोस. ‘हे घर त्या पद्धतीचं नाही’ असं म्हण. ते खरंही आहे. धुरीबद्दल मात्र मी तडजोड सुचवणार नाही. एवढ्याशा फुप्फुसांना धूर नकोच, घर कौलारू असो की कसंही. शेक हवा असेल तर तुझ्या कमरेला गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून. त्यांच्या हातानं. त्यांना शेकायचंय ते नुसतं कोळशानंच असं नाही गं.

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना? आजच बटण दाबून आवाज ऐक. प्रत्येक मजल्यावर एक, झोपायच्या खोल्यांजवळ नक्की, आणि वीज गेली तरी चालेल असा बॅटरीचा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच ‘ताप येणार वाटतं’ असं वाटणं, ही त्याची खूण. अलार्म वाजला तर आधी सगळ्यांनी बाहेर, मग फोन.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. तुमच्या तळघरातल्या हीटरची भट्टी बाहेर श्वास सोडते. नव्या घरांत भिंतीतून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर आलेले असतात, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. वाऱ्यानं बर्फाचा ढीग त्या भिंतीला लागला की ते गाडले जातात. मग भट्टी बंद पडते किंवा तो वायू घरात शिरतो. वादळाआधी ते पाइप कुठल्या भिंतीला आहेत ते बघून ठेवा आणि तिथवर काठी रोवून ठेवा. वादळ चालू असताना दाराला लागून, दोरीला धरून जाता येत असेल तरच मोकळे करायला जा. जनरेटर घेणार असाल तर तो घरापासून वीस फूट लांब, कधीच गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही.

दिवे गेले तर? एक खोली धरा. छोटी, कमी खिडक्यांची. सगळे तिथेच, दाराखाली टॉवेलची वळकटी, खिडक्यांवर गोधड्या. इतकं बंदिस्त घर एकदम थंड होत नाही, कित्येक तास ऊब धरतं. घाबरून काही पेटवायची गरज पडत नाही. बाळ तुझ्या किंवा नवऱ्याच्या उघड्या छातीवर, डोक्यावर टोपरं, वरून शाल, आणि ज्याच्या छातीवर आहे त्यानं जागं राहायचं, पाळी लावून. झोपलेल्या बाळावर रजईचे थर टाकायचे नाहीत, मोठ्यांच्या गोधडीत घेऊन झोपायचं नाही. तिची छाती आणि पाठ हाताला उबदार लागते तोवर ठीक. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, या वयात ते लागतातच. तू पाजतेयस ना? मग तिचं दूध तुझ्यापाशी आहे. तुझ्या पोटात अन्न आणि पाणी जायला हवं, हाच तिचा साठा.

आणि इथेच तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट. संपलं ते दूध कुणाचं होतं? बाळाचं नव्हतं. चहाचं होतं.

चहासाठी गेला गं तो.

हसू नकोस, मीही हसत नाहीये. माझ्या नवऱ्यानं एकदा असाच दह्याच्या विरजणासाठी जीव धोक्यात घातला होता. आपल्या लोकांना दूध नसलेलं घर हे घरच वाटत नाही, तेवढं खरं. म्हणून दूध पावडरचा मोठा डबा आणून ठेव, दुधाचा एक कॅन थोडा रिकामा करून फ्रीझरमध्ये टाक, आणि त्याउपर संपलंच तर कोरा चहा. गवती चहा, आलं घालून. कोल्हापूरकराला कोरा चहा म्हणजे काढा, ठाऊक आहे मला.

बाकी साठ्याचं फार सांगत नाही, तू संसारी आहेस. तीन-चार दिवस दुकान नाही असं धरून चाल. न शिजवता खाता येईल असं थोडं वेगळं काढून ठेव. दडपे पोहे याला फार उपयोगी, आच लागत नाही. मेतकूट, चुरमुरे, लाडू. गॅसची शेगडी काडीनं पेटत असेल तर स्वयंपाकापुरती, खिडकी किंचित उघडून; ओव्हन लावून घर गरम करायचं नाही. अप्पांच्या बीपीच्या गोळ्या मोजून ठेव, भारतातून आणलेल्या संपल्या तर इथे चिठ्ठीशिवाय मिळायच्या नाहीत. पाणी भरून ठेवा, बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेनं सुटा ठेवा आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते नवऱ्याला दाखवायला सांग. त्याला माहीत नसेल, पैज लाव.

आता अप्पा. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस मला तेच वाटतात.

जन्मभर ज्या माणसाच्या शिट्टीवर गाड्या सुटल्या, त्याला इथे स्वतः दूधसुद्धा आणता येत नाही. गाडी चालवता येत नाही, टीव्ही लावता येत नाही, फोन उचलला तर समोरचा काय म्हणतो ते कळत नाही. दूध संपल्यावर बूट घालायला बसले, कारण त्या घरात त्यांना करता येण्यासारखं तेवढं एकच काम दिसलं. आणि त्या कामासाठी लेक गेला आणि अडकला. ते खोलीत बसून तुझ्यावर रागावलेत असं मला वाटत नाही. लाजलेत.

त्यांना काम द्या. खोटं, मन राखायचं नव्हे, खरं काम. ते कंट्रोलर होते ना? फोंडा, गगनबावडा, आंबोली, घाटात दरड आली की गाड्या थोपवायचा हुकूम त्यांच्याच हातातून गेला असेल. २००५ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आल्यावर प्रवासी कितीही तावातावानं भांडले तरी त्यांनी गाडी सोडली नसेल. ‘लग्न आहे, मयत आहे, परीक्षा आहे’, सगळं ऐकून घेऊन ‘घाट बंद आहे’ एवढंच सांगितलं असेल. घरात तेच करायचंय. बॅटरीवर चालणारा हवामानाचा रेडिओ मिळतो, तो त्यांना आणून द्या. इशारा निघाला की आपोआप बोंबलतो. दोनच शब्द त्यांना शिकायचेत. ‘वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे, तयारीला लागा, बाजार करून घ्या. ‘वॉर्निंग’ म्हणजे आलंच. वॉच लागला की अप्पांनी यादी घ्यायची, दूध, गोळ्या, बॅटऱ्या, पेट्रोल बघायचं आणि नवऱ्याला दुकानात पिटाळायचं. वॉर्निंग सुरू व्हायच्या वेळेच्या दोन तास आधी, सगळे घरात आलेत का मोजायचं आणि दारावर पाटी लावायची: घाट बंद. ती उतरेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. मुलगा नाही, सून नाही, स्वतः कंट्रोलरही नाही.

सरकारच्या बंदीची वाट बघायची नाही, हेही त्यांना सांगा. २३ डिसेंबर २०२२ ला वाहनबंदी लागू झाली ती सकाळी साडेनऊला. तोवर लोक कामावर निघून गेले होते आणि वादळ येऊन ठेपलं होतं. मागाहून त्यावर पुष्कळ टीका झाली. अप्पांसारख्या माणसाला हे चटकन कळेल, कारण डेपोतून गाडी सुटल्यावर घाट बंद झाल्याचा निरोप येणं म्हणजे काय, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

आणि वादळ संपल्यावर फावडं त्यांच्या हातात द्यायचं नाही. मागतील. वय ६७, रक्तदाब, गारठ्यानं आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि वर ओला जड बर्फ उचलण्याचा जोर; दर वादळानंतर इथे असे हृदयविकाराचे झटके येतात. गल्लीतल्या कॉलेजच्या पोराला वीस डॉलर दे.

हे सगळं अप्पांशी तू बोलू नकोस. तुझ्या नवऱ्यानं बोलायचं. त्या रात्री त्यानं वडलांना ‘कुणीच जायचं नाही’ म्हणण्याऐवजी स्वतः किल्ली उचलली, म्हणजे वडलांना नाही म्हणायचं टाळलं. तू ओरडलीस हे त्याला जास्त वाटतं, पण बाहेर पडायला नको होतं हे तो बोलला का कुठे? त्यानं संध्याकाळी अप्पांच्या शेजारी बसावं आणि सल्ला द्यायच्या आधी विचारावं, ‘अप्पा, दरड पडायची तेव्हा तुम्ही गाड्या कशा थांबवायचात?’ पुढचं ते स्वतःच बोलतील. थांबवणं अवघड जाईल.

आईंशी तू बोल. बाळाला तेल लावत असतील तेव्हा जाऊन बस. ‘आई, त्या रात्री मी फार घाबरले होते. तोंडातून नको ते गेलं. तुम्ही तिच्यासाठीच करत होतात.’ एवढं म्हण आणि थांब. ‘पण’ म्हणू नकोस. कोळशाचं त्याच बैठकीत काढू नकोस, दोन दिवस जाऊ देत. मग अलार्म दाखव, कसा वाजतो ते ऐकव, कशासाठी आहे ते सांग. बटण त्यांनाच दाबू दे.

एक राहिलं. ज्या शेजाऱ्यानं जीव धोक्यात घालून मध्यरात्री पिकअप बाहेर काढली, त्याच्याकडे अजून काही पाठवलंस का? पत्रात दिसलं नाही. आईंना बेसनाचे लाडू करायला सांग आणि डबा घेऊन त्या दोघांनाच पाठव, आई आणि अप्पा. भाषेचं काही अडत नाही, लाडू पुरतो. हवा बघून जा म्हणावं. आणि वरून काजू लावणार असाल तर आधी विचारून घ्या, इथे पुष्कळांना सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असते.

– मावशी